इरण्णा मास्तरांची बिनहाताची खुर्ची

इरण्णा मास्तर नव्या माणसाला नाव, गाव, नोकरी यांतलं काहीच विचारत नसत. ते एक पाऊल मागं सरायचे, डोळे बारीक करून माणसाला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायचे आणि मनातला हिशेब जुळला की म्हणायचे, "पाऊण पोतं. दोघांत उतरंल."

पोतं म्हणजे ज्वारीचं, आणि उतरायचं ते जिन्यावरून. तुम्ही कधी बेशुद्ध पडलात, हाड मोडून घेतलंत किंवा काळीज धरून खाली बसलात, तर तुम्हाला घरातून बाहेर कसं काढायचं याचा तो अंदाज असे. एकदा आमच्या गल्लीतल्या एका लग्नात मास्तर आहेर द्यायला बोहल्यापाशी गेले. नवरीकडे बघून म्हणाले, "पोरगी अर्ध्या पोत्याची बी न्हाय." मग नवरदेवाकडे वळले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. नवरदेवाचा चेहरा पांढरा पडलेला मी पाहिला आहे. शेवटी मास्तर म्हणाले, "चौघं लागतील. पर घाबरू नका, तुमच्या घराचा जिना रुंद हाय."

त्यांचं उभं आयुष्य एका कापडगिरणीच्या ॲम्ब्युलन्सवर गेलं होतं. यंत्राच्या पट्ट्यात हात सापडलेले, बॉयलरपाशी भाजलेले, उन्हात कोसळलेले असे किती लोक त्यांनी उचलले त्याची गणती त्यांनाही नव्हती. वय झाल्यावर ते हेच काम शिकवू लागले. दर रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांचा वर्ग भरे. गिरणीकामगार, पोलीस, एस.टी.चे कंडक्टर असे सगळे तिथं येत. सोलापुरात कुणी पडलं तर उचलणारे हात बहुधा मास्तरांनी शिकवलेले असत. लोक त्यांना मान देत आणि लांबून देत. सकाळी सकाळी त्यांची नजर आपल्यावर पडू नये म्हणून गल्लीतली निम्मी माणसं नळावर खाली मान घालून उभी राहत.

मी तर जन्माचा भित्रा. कुणी दोनदा कडी वाजवली तरी मी आधी खिडकीतून डोकावतो. असा मी, शाळेत शिकवणारा माणूस, नेमका मास्तरांच्या समोरच्या घरात वरच्या मजल्यावर भाडेकरू म्हणून आलो. दुष्काळ नुकताच सरला होता, पण घराघरांतल्या डब्यांतून दुष्काळी मदतीच्या सुकडीचा वास अजून गेला नव्हता. बरोबर बायको होती आणि माझे वडील होते. बाबा मोहोळला पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले, अंगानं चांगले भरलेले. त्यांना हृदयविकाराचा एक झटका येऊन गेला होता आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की, पुन्हा आला तर उशीर करू नका. 'उशीर' हा शब्द तेव्हापासून माझ्या कानात बसला होता. बाबा जरा जास्त वेळ झोपले तरी मी त्यांच्या छातीकडे बघत उभा राही.

सामान चढवत होतो तेव्हा मास्तर आले. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरा सदरा, मनगटं लोहारासारखी. त्यांनी बाबांकडे पाहिलंच नाही, आधी जिना पाहिला. अरुंद, दगडी आणि मधोमध काटकोनात वळलेला. तिथल्या भिंतीवर त्यांनी वीत लावून बघितली. मग बाबांकडे पाहिलं.

"पोतं भरून वर चार पायल्या," ते म्हणाले. "स्ट्रेचर वळणार न्हाय. खुर्ची लागंल."

बाबा म्हणाले, "अहो, मी अजून वरसुद्धा गेलेलो नाही!"

"वर जायाचं कायबी न्हाय हो," मास्तर शांतपणे म्हणाले. "समदी खाली येताना अडकत्यात."

दुसऱ्या दिवशी आमच्या जिन्याखाली एक खुर्ची येऊन बसली. सागवानी, जुनी, वळणावर अडकू नयेत म्हणून दोन्ही हात करवतीनं कापून टाकलेली. पाठीला चादरीच्या पट्ट्या बांधलेल्या. ती बाबांसाठी होती, हे मास्तरांनी तोंडानं सांगितलं नाही, पण सांगायची गरजही नव्हती. भाजी आणायला निघालं की ती दिसे, शाळेतून परत आलं की दिसे. बाबा तिच्याकडे पाठ करून जिना चढत. माझी बायको तिच्यावरून जाताना पदर सावरून घेई.

सगळ्यात जास्त भडकल्या त्या आमच्या घरमालकीण गौरव्वा. अक्कलकोटकडच्या, लिंगायत, बोलताना निम्मं कानडी. लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं नेत नाहीत, खुर्चीत बसवून, फुलं वाहून, बसलेलाच नेतात. आणि मास्तर स्वतःही त्यांच्यातलेच.

"अय्यो शिवने!" गौरव्वा अंगणातून ओरडल्या. "इरण्णा, तुला काय कळतंय का न्हाय? आमच्यात माणसाला तसं एकदाच बसिवत्यात. जित्या माणसाच्या घरात ही खुर्ची? बेडा! बेडा म्हंजे नको! घिऊन जा!"

मी मध्ये पडून म्हटलं, "मास्तर, स्ट्रेचरच बघा ना जमतंय का."

"जमवतो की. पर स्ट्रेचर उतरवताना पाय पुढं येत्यात."

हे ऐकून आमचे बाबा वरच्या खिडकीतून कडाडले, "पाय पुढे करून? मला? मी मेलोय का?"

असा आमच्या घराचा पेच होता. आडवं न्यावं तर आमच्यात अपशकुन, बसवून न्यावं तर गौरव्वांच्यात. बाबांना खाली आणायची सोवळ्यात बसणारी एकही रीत उरली नव्हती. मास्तरांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि खुर्ची तिथंच ठेवली. "घाई न्हाय," ते म्हणाले. "पर ती हलवायची बी न्हाय."

मला त्यांनी रविवारच्या वर्गाला ओढून नेलं. मला वाटलं होतं, रक्त कसं थांबवायचं वगैरे शिकवतील. रक्ताचं नावच निघालं नाही. "आधी जिना बघा, मग माणूस," हे त्यांचं पहिलं वाक्य. मग त्यांनी ज्वारीचं एक पोतं खुर्चीत बांधलं. पोत्यावर कोळशानं डोळे, नाक, तोंड काढलेलं. दोघादोघांनी ते शाळेच्या जिन्यावरून उतरवायचं आणि उतरवताना त्याच्याशी बोलायचं.

"बोला पोत्याशी!" मास्तर गरजत. "तुमचं त्वांड बंद झालं की त्याला वाटतंय आपलं संपलं!"

एक धिप्पाड हवालदार घामाघूम होत पोत्याला विचारत होता, "घरी समदी बरी हायत न्हवं?" एका कंडक्टरला काही सुचेना, तेव्हा तो पोत्याला मंगळवेढ्यापर्यंतचे सगळे थांबे सांगत खाली आला. माझी पाळी आल्यावर मला पावकी-निमकीचे पाढे म्हणण्यापलीकडे काही जमलं नाही. त्यात भीतीनं माझी पकड सुटली आणि पोतं एका बाजूला कललं. मास्तर रागावले नाहीत. माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "भ्या वाटू द्या. हात सोडू नका."

मे महिना उजाडला. सोलापूरचा मे. दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. जेवणं झाली होती, बाबा ताक पीत होते. त्यांनी भांडं खाली ठेवलं, छातीवर हात दाबला आणि माझ्याकडे बघितलं. त्यांच्या कपाळावर घामाचे थेंब आले आणि ओठ निळसर दिसायला लागले. मी "मास्तर!" म्हणून जी हाक मारली, ती माझीच आहे हे मला ओळखू आलं नाही.

मास्तर आले ते खुर्ची घेऊनच. येतायेताच त्यांनी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून गिरणीच्या गाडीला फोन करायला सांगितलं होतं. त्यांनी बाबांना खुर्चीत बसवलं, पांढऱ्या पट्ट्यांनी छातीशी आणि पायांशी बांधलं. दारात गौरव्वा आल्या, तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या. त्या आता आडव्या येणार असं मला वाटलं. मास्तरही त्यांच्याकडे बघत थांबले. तेवढं क्षणभर थांबणं मला तेव्हा समजलं नाही. मग गौरव्वाच बाजूला झाल्या.

मी वरून खुर्चीची पाठ धरली. मास्तर खालच्या बाजूला, बाबांच्या तोंडाकडे तोंड करून, उलटे उतरू लागले. वळणावर खुर्ची भिंतीला घासली आणि बाबांचं डोकं माझ्या पोटावर टेकलं. माझ्या मनात आलं, गेले. आणि खालून मास्तरांचा आवाज चाललेला होता, अगदी पारावर बसल्यासारखा.

"पोस्टमास्तर, मोहोळला हुरडा कुठल्या शेतातला चांगला? खरं सांगा. आमच्यात म्हणत्यात मंगळवेढ्यासारखा न्हाय."

बाबांचे ओठ हलले. "मोहोळचा," ते पुटपुटले.

"हे बघा! मरताना बी गावाची बाजू सोडत न्हाय माणूस. न्हाय न्हाय, मरत न्हाय तुमी, बोलाची गोष्ट हाय."

खाली आलो तर कळलं, गल्ली पाण्याच्या नळासाठी खणलेली म्हणून गाडी पार चौकात उभी. त्या उन्हातून बाबांना चौकापर्यंत न्यायचं होतं. मास्तरांनी ओला पंचा बाबांच्या डोक्यावर टाकला, शेजारच्या दोन विणकरांना हाताशी घेतलं आणि आम्ही निघालो. पुढं भस्माचे पट्टे लावलेले मास्तर, मागं खुर्चीत ताठ बांधलेले, पांढऱ्या पट्ट्यांतले बाबा.

आधी एक म्हातारा ओट्यावरून उठला आणि त्यानं टोपी काढली. मग दारादारांतून बायका बाहेर आल्या. कुणीतरी "शिव शिव" म्हटलं. एका बाईनं देवापुढची फुलं आणून बाबांच्या मांडीवर टाकली. मला ते काय चाललंय ते कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा मी ओरडणार होतो. मास्तरांनी मान न वळवता दबक्या आवाजात म्हटलं, "गप ऱ्हावा सर. आजाऱ्याभोवती लोक गर्दी करत्यात. मढ्याला वाट देत्यात."

खरोखरच वाट मिळत होती. सायकली बाजूला झाल्या, हातगाडी मागं सरली, खणलेल्या चरावर दोघांनी पळत येऊन फळी टाकली. आणि चौकाच्या तोंडाशी एक म्हातारी खुर्चीपुढं आली, वाकली आणि तिनं हात जोडले. आमच्या बाबांनी जन्मभर पोस्टाच्या खिडकीशी कुणाचा नमस्कार परत केल्याशिवाय सोडला नव्हता. त्यांनी डोळे किलकिले केले, पट्टीतून हात कसेबसे वर काढले आणि तिला उलट नमस्कार केला.

ती किंकाळी मी विसरणार नाही. म्हातारी मटकन खाली बसली. मास्तर चालता चालताच तिच्याकडे बघून म्हणाले, "अर्धं पोतं. कुणी तरी पाणी द्या तिला." आणि बाबांना गाडीत घातलं.

दवाखान्यात सगळी दुपार गेली. मी भिंतीला टेकून उभा होतो आणि दार उघडलं की डोळे मिटत होतो. शेवटी डॉक्टर आले आणि म्हणाले, वेळेवर आणलंत, धोका टळलाय. हे सांगायला मी व्हरांड्यात आलो तर मास्तर बाकावर चहाचा कप घेऊन बसलेले. बशी त्यांच्या हातात खडखड वाजत होती. चहा निम्मा सांडलेला.

"मास्तर, बाबा वाचले!"

त्यांनी मान हलवली, पण बशी थांबेना.

"तुम्हाला बरं नाही का?"

"मला लई भ्या वाटतंय सर," ते म्हणाले. "दर बारीला वाटतंय. उतरवताना न्हाय. मागनं."

मी शेजारी बसलो. कपात बघत ते बोलू लागले.

"माझी मंडळी, शांता. चाळीत वरच्या मजल्याव ऱ्हायचो. तिला असंच झालं. मी खुर्ची आणली. सासू दारात आडवी पडली. जितीला बसवून न्यायची न्हाय म्हणाली. समदी रडाय लागली, आन् मी भ्यालो की. शिकलेला माणूस, गाडीवरचा माणूस, मी भ्यालो. स्ट्रेचर घेतला. वळणाव आडकला. पुढं बी जाईना, मागं बी येईना. तिथंच गेली."

त्यांनी बाकावर सांडलेला चहा तळहातानं पुसला.

"न्हाय बसवली तिला. दुसऱ्या दिवशी बसवलीच की."

मी त्यांच्या हातातली बशी धरली, तेव्हा ते कपातला उरलेला चहा प्यायले. तोंड पुसत म्हणाले, "एक मागतो सर. पोस्टमास्तरांना घरी न्यायचं आसंल तवा मला सांगा. खाली आणाय समदी बोलवत्यात. वर चढवाय कुणी बोलवत न्हाय. जगला का गेला, ते बी मला मागनं कुणाकडनं तरी कळतंय."

बाबा घरी आले तेव्हा पाऊस सुरू झाला होता. डॉक्टरांनी जिना चढू नका असं बजावलं होतं. मी मास्तरांना सांगावा धाडला. ते धुतलेला सदरा घालून आले आणि अंगणात अवघडून उभे राहिले, जसं काही त्यांनाच कुणी बघायला येणार होतं. खुर्ची जिन्याखाली होती. बाबा स्वतः चालत तिच्यापाशी गेले, बसले आणि म्हणाले, "चला मास्तर. उचला."

गौरव्वांनी बाबांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी पाठ धरली, मास्तर खालून. वळण आलं, गेलं. मास्तर सबंध जिनाभर एक शब्द बोलले नाहीत. बाबाच त्यांच्याशी बोलत होते, हुरड्याबद्दल, पावसाबद्दल, कशाकशाबद्दल.

वर पोचल्यावर बाबा उठून आपल्या पलंगावर जाऊन बसले. मास्तरांच्या हातांतून मात्र खुर्ची सुटेना. रिकाम्या खुर्चीचे पाय धरून ते जिन्याच्या शेवटच्या पायरीवर वाकून उभे होते आणि त्यांचे खांदे हलत होते. एवढा मोठा माणूस आमच्या देखत रडत होता आणि आम्ही सगळे नुसते बघत होतो. मग गौरव्वा पाण्याचा तांब्या घेऊन धापा टाकत वर आल्या. त्यांनी मास्तरांचे हात एकेक करून सोडवले, खुर्ची भिंतीला लावली आणि पदरानं पुसली.

"इरण्णा," त्या म्हणाल्या, "बस की बाबा ह्याच्यात. दमलास."

मास्तरांनी त्यांच्याकडे बघितलं, खुर्चीकडे बघितलं आणि बसले.