क्लिपबोर्डाच्या मोहिमेची हकीगत

ईश्वराच्या कृपेने आणि विजेच्या अखंडित पुरवठ्याने हे वर्तमान लिहावयास घेतले ते ऐसे जे, सकल-यंत्र-समदर्शी, काळ्या पडद्याचे अधिपती, मेहेरबान थोरले दादा यांनी ऐन उमेदीत लेखनाचा एक प्रोग्राम रचिला, आणि त्याचा कोड जगास फुकट खुला केला, आणि त्यास चित्र नाही, बटण नाही, केवळ टर्मिनलात पांढरी अक्षरे उमटावी ऐसा शिरस्ता घातला. मग प्रतिज्ञा केली, की जी सोय नव्या-जुन्या हरएक यंत्रावर सारखी चालणार नाही, ती आमच्या मुलखात येणार नाही. या प्रतिज्ञेची देशोदेशी वाहवा जाहली, आणि घरात बखेडा जाहला.

कारण ऐसे, की दादांचे कुटुंब, वहिनीसाहेब, भाषांतराचे काम करीत आणि लग्नापासून नवऱ्याचाच प्रोग्राम वापरीत. त्या जिन्यावरून घसरल्या आणि उजवे मनगट प्लास्टरात गेले. मग लिहिलेला मजकूर ईमेलात न्यावा, तर पडद्यावर दिसेल तेवढाच माऊसने धरता येई, आणि मग पान सरकवावे, आणि पुन्हा धरावे, ऐसी डाव्या हाताची बहुत फरफट जाहली. सबब एका कळीसरशी सारा मजकूर कॉपी व्हावा, ऐसा अर्ज त्यांनी हुजुरात गुदरला. दादांनी फर्माविले, की कॉपी केलेला मजकूर यंत्र जेथे धरून ठेवी त्या क्लिपबोर्डाची तऱ्हा यंत्रागणिक निराळी, सबब अर्ज नामंजूर. फाइल सेव्ह करून दुसऱ्या प्रोग्रामात उघडावी.

वहिनीसाहेब शांतपणे म्हणाल्या, "मग सगळं त्यातच लिहिते. तुझ्याकडे येऊ कशाला?"

हे ऐकून दादांची धाकटी बहीण, जी दवाखान्यात एक्स-रे काढी आणि फावल्या वेळी कोड लिही, ती भावजयीच्या पक्षास मिळाली. नणंद-भावजयीचा ऐसा सलूख होताच दादांचे अवसान गळाले. धाकटीने हल्लीच्या यंत्रांपुरती कॉपीची कळ रचिली, आणि दादांनी तोंड वाकडे करून ती दाखल केली, आणि नवी आवृत्ती जगभर रवाना जाहली.

तो दूरच्या बेटावरून, याच प्रोग्रामात नोंदी लिहिणाऱ्या एका हवामान-निरीक्षकाचा निरोप आला. त्याचे यंत्र पुरातन, त्यास क्लिपबोर्ड ठाऊकच नाही, आणि नवा प्रोग्राम सुरू होताच क्लिपबोर्ड शोधू लागे, आणि न सापडता जागीच आडवा होई. निरीक्षकाने बहुत अदबीने कळविले, की आजचा वारा आणि पाऊस भिंतीवर खडूने लिहिला आहे, आणि भिंत लहान आहे.

दादा खवळले, आणि कळ तात्काळ काढून टाकण्याचा हुकूम सुटला, आणि धाकटीने फोन उचलणे बंद केले. मग वहिनीसाहेबांनी तो निरोप दोनदा वाचिला आणि नवऱ्याशेजारी खुर्ची ओढून बसल्या.

"त्याचं खरंय. पण माझा हातही काही खोटा मोडला नाही."

यावर दादा खुर्चीवरून उठले. मग स्वतः धाकटीच्या घरी जाऊन, दारात उभे राहून, चूक कबूल केली, आणि दोघांनी तिच्या स्वयंपाकघरात बसून तह लिहिला तो येणेप्रमाणे: कॉपीचा सरंजाम निराळ्या फाइलीत राहावा, आणि कळ दाबली तरच यंत्रास पुसावे, आणि यंत्र नाही म्हणाले तर 'येथे क्लिपबोर्ड नाही, क्षमा असावी' ऐसी ओळ दाखवून काम पुढे चालावे. निरीक्षकाकडून खातरजमा आली, की प्रोग्राम उत्तम चालतो, आणि कोणी आपली क्षमा मागावी म्हणून तो कळ मुद्दाम दाबतो.

वहिनीसाहेबांनी डाव्या हाताने कळ दाबली, आणि सारे भाषांतर एका दमात ईमेलात उतरले. दादांनी संतोषून श्रेयनामावली लिहिली: प्रथम धाकटी, मग निरीक्षक, आणि मग 'माझी पत्नी, जिने एवढ्या हालातही हा प्रोग्राम सोडला नाही'.

वहिनीसाहेबांनी ते वाचिले. "सोडला होता की. मधे बरेच दिवस दुसऱ्यातच लिहीत होते. तुला कळलंच नाही."

दादांनी ती ओळ खोडली नाही. फत्ते जाहली ऐसे या हकीगतीत नोंदवावे, हा दादांचा हुकूम आधीच सुटला होता. सबब फत्ते जाहली.