सुलह एअरची कॉफी

“नवस बोललीस ना, मग फेड. आणि दर्शन होईतो पाण्याचा थेंबही नाही!” सासूबाईंनी नाशिकहून फोनवर बजावलं होतं. लेक उर्वी मोठ्या आजारातून उठली होती, तेव्हा कतारमध्ये राहणाऱ्या आसावरीला शेजारच्या बेटावरच्या कृष्णमंदिरात जाणं भागच होतं.

दोन देशांचं भांडण असलं की विमानं अडतात, समेट झाला की माणसं अडतात. कतार आणि त्या बेटाचा अबोला संपला आणि ‘सुलह एअर’ निघाली; सुलह म्हणजे समेटच. प्रवास जेमतेम पाऊण तासाचा. (सीटचा पट्टा सोडण्याची चैन त्यात बसत नव्हती.) पण मैत्री ही घाईने उरकायची गोष्ट नव्हे. म्हणून चढताना या देशाची आणि उतरल्यावर त्या देशाची कॉफी घेणं प्रत्येक प्रवाशाला बंधनकारक होतं. नकार दिल्यास संबंध बिघडवण्याचा प्रयत्न समजला जाई. योग्यच होतं ते! एवढा अबोला नुसत्या बिस्किटावर कसा मिटणार?

पहिल्या खेपेला नवरा, गिरीश, आडवा आला. इकडे पुरे झालं की रिकामा पेला जरासा हलवतात. गिरीश घरच्या वळणाप्रमाणे तोंडाने “नको, नको” म्हणत राहिला आणि पेला पुढेच धरून बसला. कॉफीवाला कासम ओतत राहिला. सतराव्या पेल्याला विमान दोघांना मागे ठेवून उडालं. (कंपनीच्या अहवालात या दिवसाची नोंद ‘अभूतपूर्व सौहार्द’ अशी आहे.)

दुसऱ्या खेपेला पेला आसावरीपुढे आला. तिने हात जोडले.

“मॅडम, दोस्ती का सवाल है,” कासम कळवळला.

“अगं, घोटभर घे. देव काय बघतोय?” गिरीश कुजबुजला.

“बघत नसेल तर जायचं कशाला?”

तिला सन्मानाने उतरवण्यात आलं. तिसऱ्या खेपेआधी कंपनीच बंद पडली. कारण साधं होतं: समेटाचं स्वागत सगळ्यांनी केलं, तिकीट मात्र कुणी काढेना.

हसलात? समोरच्या बिऱ्हाडाशी तुमचंही भांडण मिटलंय ना? “येतो एकदा चहाला” म्हणाला होतात. मधे समुद्रही नाही, फक्त जिना आहे.

सौदीतून वळसा घालून समुद्रावरच्या पुलाने बेटावर जाणारा लांबचा रस्ता आहे. पहाटे आंघोळ करून, देवापुढे निरांजन लावून, कोरड्या तोंडाने आसावरी गाडीत बसली.

“यल्ला, निघू या,” ती गिरीशला हळूच म्हणाली.