शेवटचा हात

इंजिनाच्या प्रोग्रॅमात फायली होत्या दोन हजार एकशे चौदा. एक हजार तीनशे दोन फायलींत ओळ आत सरकवायला चार मोकळ्या जागा, आठशे अकरांत दोन, आणि एकीत चक्क तीन! ती फाइल इंजिनाच्या जनकाची. त्यांना सगळे ‘थोरले’ म्हणत, आणि थोरल्यांना जाब विचारायची कोणाची छाती नव्हती.

मोजणारी होती मोजणीबाई. भौतिकशास्त्राची ताजी पदवीधर. नाव घरच्यांनीच ठेवलेलं. ढिगानं माहिती दळून देणारं संगणकाचं हे इंजिन कुठकुठले हौशी लोक मिळून फुकट लिहीत. त्यांच्या मंडळात तिला जागा हवी होती, आणि शुक्रवारी मतदान होतं.

“सगळीकडे तीन करून टाकते. एका बटणात!” ती दादाला म्हणाली. “दोन आणि चारची सरासरी! शिवाय थोरले खूश.”

“त्यानं इंजिन जोरात पळेल?”

“नाही रे. नीटनेटकं दिसेल!”

“आधी तुझं कपाट आवर.”

तिनं बदल मंजुरीला पाठवला. थोरल्यांनी सगळ्या फायली अर्थातच डोळ्यांत तेल घालून तपासल्या, अकरा सेकंदांत, आणि ‘सुरेख!’ म्हणून बदल स्वीकारला.

आता, ओळीला शेवटचा हात कोणी लावला याची इंजिनात नोंद राहते. मंगळवारी सकाळी थोरल्यांची फाइल सोडून जिकडेतिकडे मोजणीबाईचंच नाव!

पहिलं पत्र एका हवामान कचेरीतून आलं. ‘ताई, सहा वर्षांपूर्वी ही सरासरी तुम्ही अशी उफराटी का काढलीत?’

सहा वर्षांपूर्वी ताई दहावीत होत्या.

दुपारपर्यंत अशी एक्केचाळीस पत्रं आली. मंडळाची तातडीची बैठक बसली, अर्थात पडद्यावर.

“सगळ्या ओळी सरकल्यानं माझं महिन्याभराचं अर्धवट काम आता कुठेच जुळत नाही!” एक जण कडाडला.

“जुनं होतं तसं परत आणा!” बाकीचे ओरडले.

पण परत आणायचं म्हणजे पुन्हा सगळ्या ओळींना हात लावणं आलं. जो बटण दाबेल, सगळी भुतं त्याच्या मानगुटीवर!

“थोरले, तुम्हीच दाबा.”

“माझं बोट जरा दुखतंय.”

“मी दाबते,” मोजणीबाई पुटपुटली. “पण स्वीकारलेला बदल उलटवायचा अधिकार फक्त मंडळातल्यांना आहे.”

मग थोरल्यांचा आवाज मधाळ झाला. “मतदानाला शुक्रवार कशाला हवा, बाळ?”

बारा विरुद्ध शून्य. तिनं बटण दाबलं.

नोंदीप्रमाणे आज तिच्या नावावर दोन लाख साठ हजार चारशे नऊ ओळी आहेत. त्यांपैकी तिनं लिहिलेल्या सात.