आकाशपाळण्याला हिरवी झेंडी

जरा जवळ सरका बाप्पा. कागदावरचं आहे म्हणून असं हात लांब धरून वाचू नका, कागदाला काही खोकला होत नाही. मला माहीत आहे तुमचं. भाच्या काय, भाचे काय, फोनवर सगळ्यांचं एकच पालुपद, "सगळं निवळलं की येतो मावशी." अन् निवळेपर्यंत मावशीनं काय करायचं? भिंतीला पाठ लावून बसायचं? थोडी लाज वाटू द्या, अन् आमच्या इंगळे गार्डची गोष्ट ऐका.

इंगळे गार्ड म्हणजे बडनेऱ्यातले माझे शेजारी. त्यांची न् माझी भिंत एकच. रेल्वेत गार्ड होते, रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण गार्डकी काही अंगातून उतरली नाही. कोरोनाची दुसरी लाट ओसरली, आम्हा म्हाताऱ्यांच्या दोन्ही लसी झाल्या, अन् अकोला रोडवरचं ते पाळणे-घसरगुंड्यांचं पार्क पुन्हा उघडलं. त्याच आठवड्यात मंगळवारी सकाळी हा सत्तरीचा माणूस इस्त्रीचा पांढरा शर्ट, पांढरी पँट, तोंडावर दोन मास्क, गळ्यात शिट्टी अन् काखेत लाल-हिरव्या झेंड्यांची गुंडाळी घेऊन स्कूटरला किक मारत होता. मी अंगणात सडा टाकत होते.

"कुठं निघाली स्वारी?"

"पार्कात."

"कोणाची पोरं घेऊन?"

"पोट्टे कायले पाह्यजेत? मी जाऊन राहिलो. झुकझुक गाडीत बसाले."

माझ्या हातातला तांब्या तसाच राहिला.

पुढच्या मंगळवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या मंगळवारीही. सारी गल्ली हसायला लागली. कोणी म्हणे बुढ्याला बालपण आठवलं, कोणी म्हणे घरात बसून बसून डोक्यावर परिणाम झाला. मला मात्र हसू येत नव्हतं, राग येत होता. कारण भिंतीच्या पलीकडे सुशीलाबाई होत्या.

सुशीलाबाई म्हणजे इंगळ्यांची बायको. दुसऱ्या लाटेत कोरोनानं त्यांनाच धरलं होतं. अमरावतीत खाट मिळेना, अकोल्यात मिळाली. एकोणीस दिवस त्या तिथं एकट्या होत्या. शेजारच्या खाटेवरची बाई बोलता बोलता गेली, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. घरी आल्या, छाती सुधारली, डॉक्टर म्हणाले रोज फिरत जा. पण बाईनं उंबरा ओलांडला नाही. माझ्याकडे यायचं तर दहा पावलं, तीही नाहीत. खिडकीशी बसायच्या, कोणी रस्त्यानं खोकलं की खिडकी लावून घ्यायच्या. पूर्वी हीच बाई डोक्यावर पदर खोचून बाजारात कांदेवाल्याशी भांडत असे. आणि नवरा अशा बायकोला घरात ठेवून झुकझुक गाडीत बसायला जातो? मी एका संध्याकाळी त्यांना ओट्यावरच गाठलं.

"भाऊ, तुम्हाला काही वाटते की नाही? ती तिथं कोंडून बसली, अन् तुम्ही रोग आणाले गर्दीत जाता!"

ते शांतपणे झेंड्या गुंडाळत होते. "वहिनी, गाडी काही उभी राहाले केली नाई. पन बिना लाइन क्लियरची चालवाले बी केली नाई. तुमाले पाहाचं असन तं चला मंगळवारी."

हे त्यांचं नेहमीचं वाक्य. पुढचं स्टेशन 'रस्ता मोकळा आहे' असं सांगत नाही तोवर गाडी सोडायची नाही, त्याला ते लोक लाइन क्लियर म्हणतात. इंगळे मात्र ते सगळ्यालाच लावतात. न्हाणीघर रिकामं आहे का? लाइन क्लियर. भाकरीला तवा तापला का? लाइन क्लियर. लसीच्या सुईआधी त्यांनी नर्सबाईला "लाइन क्लियर?" म्हणून विचारलं होतं, ती बिचारी गोंधळून हो म्हणाली.

तर गेले मी मंगळवारी. स्कूटरच्या मागं बसून, या वयात! मंगळवारच का, तर म्हणे रविवारी गर्दी, सोमवारी रविवारचे उरलेले. फाटक उघडायच्या आधीच आम्ही हजर. आत शिरल्यावर या माणसाचं काम सुरू झालं. आधी हात धुवायचे नळ. कोणत्या नळाला पाणी, कोणत्याजवळ साबण, ते पाहिलं. खिशात स्वतःची वडी होतीच. मग बंद हॉलमधल्या भूतबंगल्यासमोर उभे राहून लाल झेंडी दाखवली. "हवा नाई. बंद डबा. रद्द." पाण्याच्या घसरगुंडीलाही लाल. "पानी चांगलं हाय, पन पान्यापाशी सारे एकमेकाच्या आंगावर चिल्लावते." झुकझुक गाडी उघडी, तिला हिरवी. शेवटच्या डब्यात ते एकटे बसले, शिट्टी मास्कच्या आत सरकवून फुंकली, अन् गाडी चालवणारा खरंच त्या शिट्टीवर निघाला!

पण खरी मजा तिकिटाच्या रांगेत झाली. लोक एकमेकांच्या पाठीला चिकटलेले. इंगळ्यांनी खिशातून खडू काढला अन् फरशीवर रेघा मारल्या. "दोन स्टेशनच्या मंधात एकच गाडी! पुढची हालल्याबिगर मांगची सोडाची नाई!" अन् शिट्टी. पांढरा पोशाख, हातात झेंडी. लोकांना वाटलं पार्कचाच माणूस. गपचूप रेघांवर उभे राहिले. एका बाईनं त्यांना विचारलं, "साहेब, लहान पोराचं अर्धं तिकीट लागते का?" हे म्हणाले, "पाच वर्षावर लागते." रेल्वेचा नियम सांगून मोकळे.

मॅनेजर धावत आला. चाळिशीचा, घामाघूम. "काका, तुम्हाला कोणी ठेवलं इथं?"

"रेल्वेनं."

"अहो पण हे पार्क आहे!"

"मंग? इथं मानसं नाई काय? तुमची लाइन पाहा, कशी सरळ झाली. उद्या कोणी आजारी पडलं तं पुन्हा कुलूप लागन फाटकाले. काहून गा, लागू द्याचं काय?"

मॅनेजरनं रांगेकडे पाहिलं, कुलपाचे दिवस आठवले असावेत. म्हणाला, "खडू पुरेल ना काका?"

दुपारी गर्दी वाढायच्या आत आम्ही दूर कडुनिंबाखाली बसलो. घरची भाकर, ठेचा, आपापलं पाणी. इंगळे हात धुवायला गेले तेव्हा त्यांची वही माझ्या पुढ्यातच उघडी होती. गार्ड लोकांची लिहायची सवय. वर ठळक अक्षरांत होतं, 'सुशीला स्पेशल.' खाली दर मंगळवारच्या नोंदी. सकाळी कुठल्या वेळी किती माणसं, कुठल्या बाकावर सावली, वारा कुणीकडून कुणीकडे, फाटकापासून किती पावलं, दम लागला तर बसायला जागा कुठं. झुकझुक गाडीपुढे 'ठीक' लिहिलेलं. फक्त आकाशपाळण्यापुढची जागा कोरी.

ते परत आले. मी वही पुढे केली. तेच म्हणाले, "नवीन लाइन टाकली ना वहिनी, का आधी त्याच्यावर रिकामं इंजन पळवते. मानसं मंग बसवते. मी ते रिकामं इंजन होय."

माझा राग कुठं गेला मला कळलं नाही. ठेचा तिखट होता म्हणून डोळे पुसले.

"अन् पाळण्यापुढं काही लिहिलं नाही ते?"

"त्याचं मशीन पाहाचं हाय अजून," असं म्हणून ते भलतीकडेच पाहू लागले.

पाळण्याचं प्रकरण मला सुशीलाबाईंकडून कळलं, खिडकीतूनच. लग्न झाल्यावर पहिल्या साली बहिरमच्या जत्रेत त्यांनी आकाशपाळणा पाहिला अन् बसायचा हट्ट धरला. हे म्हणाले, पुढच्या साली. पुढच्या साली ड्यूटी. त्याच्या पुढच्या साली ड्यूटी. "बाई, बेचाळीस वर्षं झाली वं. आता ह्यायले आठवण आली, अन् माझेच पाय उचलत नाई."

"उचला," मी म्हटलं. "तो माणूस तिकडं तुमच्यासाठी सावल्या मोजून राहिला."

त्या दिवशी रस्त्यानं कोणी खोकलं, तर खिडकी बंद झाल्याचा आवाज आला नाही.

शेवटी एक मंगळवार ठरला. सुशीलाबाई तयार झाल्या, ठेवणीतलं लुगडं काढून ठेवलं. आणि सोमवारी संध्याकाळी मी घात केला. मिरच्या भाजत होते, ठसका लागला, लागोपाठ सात शिंका आल्या. भिंतीवरून लाल झेंडी वर आली.

"भाऊ, मिरची आहे हो ही!"

"मिरची असन. नसन बी. गाडी रद्द. पाच दिवस पाहू."

मी त्यांना बह्याळ म्हटलं, वेडे म्हटलं, आणखीही बरंच म्हटलं. सुशीलाबाईही चिडल्या, आणि खरं सांगते, त्या चिडल्या ते पाहून मला बरं वाटलं. जायचं नाही म्हणून रडणारी बाई आता जायला मिळत नाही म्हणून भांडत होती! इंगळे काही हलले नाहीत. पाच दिवस रोज भिंतीवरून माझा ताप विचारला.

पुढच्या मंगळवारी आम्हा तिघांसाठी सलीमभाईंचा ऑटो सांगितला होता, दोन्हीकडून उघडा. सलीमभाईही मास्क लावून, "चलो भाभी, स्पेशल गाडी लगी है" म्हणत दारात. सुशीलाबाई उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. हात चौकटीला. इंगळे ओढायला गेले नाहीत. रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले, दोन्हीकडे पाहिलं, हिरवी झेंडी उघडली आणि धरून ठेवली. बराच वेळ. हात भरून आला तरी खाली घेतला नाही. बाईनं पाऊल बाहेर टाकलं.

पार्कात सगळं वहीप्रमाणे झालं. नळ, सावली, बाक, झुकझुक गाडी. मग आकाशपाळणा. एका पाळण्यात एकाच घरची माणसं, हा इंगळ्यांचाच नियम. सुशीलाबाई जाऊन बसल्या. इंगळे खालीच.

"तुमी दोघी बसा वहिनी. मी खालून झेंडी दाखवतो."

"अन् तुमचा नियम? मी काय तुमच्या घरची?"

तेव्हा कळलं, वहीतली जागा कोरी का होती. पाच मंगळवार हा माणूस पाळण्याखाली उभा राहून परत आला होता. उंचीची भीती! आयुष्यभर गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्यानं रात्री काढल्या, पण कधी जिन्यावरून गच्चीवर गेले नव्हते.

सुशीलाबाईंनी पाळण्यातून पाहिलं. "आता बी मांगंच राहाता काय?"

एवढंच म्हणाल्या. इंगळे चढले. दोन्ही हातांनी दांडी धरली, डोळे गच्च मिटले. मास्कच्या आत शिट्टी दातांत होती, श्वासागणिक बारीक वाजत होती. "झेंडी कोन दाखवन?" ते तसेच पुटपुटले. सुशीलाबाईंनी त्यांच्या काखेतली हिरवी झेंडी ओढून घेतली. पाळणा वर गेला. सगळ्यात वर पोचला तेव्हा मी खालून पाहिलं, बाई ती झेंडी हलवत होती. मास्कमधून हसू दिसत नाही म्हणतात, मला दिसलं.

उतरल्यावर इंगळे बाकावर पाणी पीत बसले, तेव्हा सुशीलाबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "अकोल्यात हे रोज पाच वाजता दवाखान्याच्या फाटकापाशी उभे राहून माझ्या मजल्याकडं झेंडी दाखवत. आयाबाईनं सांगतलं मले, बाहीर एक पागल हाय म्हनून. माझी खाट आतल्या भिंतीले, बाई. एक दिवस बी मले दिसली नाई ते. म्हनून आज मी दाखवली."

"अन् ह्यांनी तर डोळेच उघडले नाहीत!"

"तेच तं," त्या म्हणाल्या. "पन तुमी पाह्यली ना?"

हो, मी पाहिली. अजून डोळ्यांपुढे आहे.

आता दर मंगळवारी आम्ही तिघं जातो. पाळण्यापुढे वहीत अजून 'ठीक' लिहिलेलं नाही. इंगळे म्हणतात, डोळे उघडल्यावर लिहीन. मग तुम्ही कशाची वाट पाहता रे? ताप-खोकला असेल तर राहा घरी, पाच दिवस दम धरा. नसेल तर मास्क घ्या, पाण्याची बाटली घ्या अन् निघा. रविवारी नको, सोमवारी या, म्हणजे मंगळवार सापडतो. भिंतीपलीकडून कोणी "लाइन क्लियर?" म्हणून ओरडलं तर घाबरू नका, हो म्हणा. मिरच्या मी आधीच भाजून ठेवते. लवकर या.