आर्ट कॉलेजात बसणारे आबा

शेषराव तायडे, म्हणजे आमचे आबा, हलायच्या आधी परवानगी घेतात. चहाच्या टपरीवर, बँकेच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत, कुठेही. एकदा मोताळ्याच्या बसस्टँडवर त्यांच्या नाकावर गांधीलमाशी बसली. शेजारची माणसं उठून लांब गेली. आबा तसेच बाकावर, नजर समोरच्या वेळापत्रकावर. मी बसमधून उतरताना त्यांना दिसले तेव्हा ओठ न हलवता म्हणाले, "म्याडम, हलू का?" मी हो म्हटलं. त्यांनी उपरण्याने माशी उडवली आणि हनुवटी पुन्हा होती तिथे आणून ठेवली.

मी जिल्ह्याच्या गावी चित्रकला महाविद्यालयात व्यक्तिचित्रण शिकवते. समोर एक माणूस बसवायचा आणि मुलांनी तीन तास त्याचं चित्र काढायचं, असा तो तास. समोर बसणाऱ्या माणसाला मॉडेल म्हणतात. आबा आमचे मॉडेल. हा शब्द त्यांच्या गावात पोचला तेव्हा आठवडाभर लोक त्यांच्या धोतराकडे निरखून बघत होते म्हणे.

ते आमच्याकडे आले तेच मुळी चुकून. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचा ठरलेला मॉडेल त्या दिवशी आला नव्हता, बावीस मुलं कागद लावून तयार, आणि दारात एक पांढऱ्या मिशांचे, पागोटंवाले गृहस्थ उभे. मी म्हटलं, "या, बसा." ते बसले. मी म्हटलं, "हलू नका." ते हलले नाहीत. तीन तासांनी मी थांबा म्हटलं तेव्हा त्यांनी हळूच विचारलं, "म्याडम, निंघाला का फोटो?"

ते पासपोर्ट फोटोचं दुकान शोधत होते. ते दुकान आमच्या शेजारी होतं.

"मले वाटलं, शहरात असाच काढत असतीन," ते म्हणाले. "एका फोटोले बावीस जन लावले, तरी टाइम लागलाच."

मी फार ओशाळले. पण आबांनी सगळी चित्रं फिरून पाहिली, त्यातलं कोळशाने काढलेलं एक मागून घेतलं आणि घडी न घालता बँकेत घेऊन गेले. केवायसीला फोटो हवा होता. बँकेतल्या माणसाने बराच वेळ कागद न्याहाळला आणि म्हणाला, "बाबा, यात तुमचा एक कान नाही."

"कानाले टाइम नाही भेटला," आबांनी सांगितलं.

पुढच्या मंगळवारी ते पुन्हा आले. या वेळी रस्ता चुकले नव्हते.

तेव्हापासून मंगळवार आणि शुक्रवार ते घाट चढून येतात, खिडकीजवळच्या लाकडी खुर्चीवर बसतात आणि दगड होतात. पण कान मात्र चालू. मी मुलांना जे जे सांगते ते सगळं त्यांच्या डोक्यात साठत गेलं. आज त्यांना प्रपोर्शन कळतं, टोन कळतो, उजेड कुठून आला पाहिजे हे तर माझ्यापेक्षा जास्त कळतं. स्वतः मात्र एक रेघ ओढलेली नाही. कोणी विचारलं की म्हणतात, "बारा वर्षं झाले आर्ट कॉलेजात हावो. अजून फस्ट इयरलेच बसून राह्यलो."

हे ज्ञान ते गावाकडे घेऊन जातात, तिथे त्याचं काय होतं ते ऐकण्यासारखं आहे. पुतणीला बघायला मुलगा आला, तेव्हा घरातल्या मोठ्या माणसांनी शेती विचारली, नोकरी विचारली. आबांनी मुलाला उठवून खिडकीकडे तोंड करून बसवलं. पाच मिनिटं पाहिलं आणि निकाल दिला, "पोरगा चांगला हाय. खालचा ओठ जरा घाईत काढेल हाय, पण चालते." लग्न झालं. तो जावई अजून आबांसमोर खालचा ओठ आत ओढून बसतो.

मोताळ्याच्या बाजारात बकरी घ्यायची तर बाकीचे दात बघतात. आबा चार पावलं मागे सरतात, एक डोळा मिटतात आणि हात लांब करून अंगठ्याने बकरी मोजतात, वर्गात मुलं डोक्याच्या मापाने त्यांना मोजतात तशी. एक व्यापारी घाबरला. "काऊन बे, नजर लावून राह्यला का माह्या बकरीले?" आबा म्हणाले, "मान किती डोक्यांची हाय ते पाहून राह्यलो." त्याने बकरी मागे लपवली.

पण आबांचा खरा हंगाम जूनमध्ये. प्रवेश सुरू झाले की ते फाटकाजवळ खुर्ची टाकून बसतात. कोणी सांगितलेलं नाही. आमचे प्राचार्य दोनदा बोलायला गेले आणि दोन्ही वेळा आबांनी त्यांनाच कोर्सची माहिती दिली. पालक येतात ते कपाळाला आठ्या घालून. मुलाने किंवा मुलीने हट्ट धरलेला असतो, नातेवाइकांनी नावं ठेवलेली असतात. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, नोकरी लागते का.

"लागते," आबा म्हणतात. "आमचा एक पोरगा देऊळगाव राजाले ड्रॉइंग मास्तर हाय. एक हैदराबादले कार्टून हालवते. एक पोरगी साड्यावरचे फुलं काढते, कंपनीत. एक जन ट्रॅक्टरच्या मागे नावं लिहिते, थो बी आर्टिस्टच हाय, लय सुबक लिहिते. पण भाऊ, नोकरीचं सोडा. तुमचं पोरगं घरी एका जागी किती वेळ बसते?"

पालक पोराकडे बघतात.

"हां. इथं तीन तास बसते. दुसरं, खोडाले शिकते. चूक झाली तं खोडते, पुन्हा काढते, अन् रडत नाही. तुमच्या घरी शेवटची चूक कोणं खोडली होती?"

यावर पालक फॉर्म कुठे मिळतो ते विचारतात. माहितीपत्रकात आम्ही दोन पानं भरून लिहितो, निरीक्षणशक्ती, आत्मविश्वास, व्यवसायाच्या संधी वगैरे. प्रवेश होतात ते आबांच्या खुर्चीपाशी.

एके वर्षी दिवाळीनंतर आमची वैशाली यायची बंद झाली. दुसऱ्या वर्षाची मुलगी, दुसरबीडजवळच्या वस्तीवरची. अबोल, पण हात असा की मी तिच्या कागदावर पेन्सिल टेकवायला कचरायची. मी फोन लावला. तिचे वडील जगदेवराव शांतपणे म्हणाले, "मॅडम, आता तिला नर्सिंगला टाकायचं ठरलं. माझ्या बहिणीची लेक लागली दवाखान्यात. चित्रं काय, घरी बी काढता येत्यात."

त्या शुक्रवारी तास सुरू झाला, आबांनी वर्गावरून नजर फिरवली आणि विचारलं, "थे कोपऱ्यातली पोरगी कुठं हाय?" मी सांगितलं. त्यानंतर इतक्या वर्षांत प्रथमच ते परवानगी न घेता उठले.

"चाला म्याडम. दुसरबीडले जाऊ."

"आबा, तास चालू आहे."

"थ्या पोराहीले खुर्ची काढू द्या. खुर्चीबी नाही येत त्याहीले."

मुलांना खुर्ची काढायला लावून आम्ही दोन गाड्या बदलत दुसरबीडला पोचलो. तिथून जगदेवरावांचं घर रस्त्याला लागूनच. अंगणात सोयाबीनची पोती, एक म्हैस, दोन प्लास्टिकच्या खुर्च्या. वैशाली दारात आली, आम्हाला पाहून तिचा चेहरा उजळला आणि लगेच मावळला. तिच्या आईने पाणी आणलं.

मी माझं भाषण सुरू केलं. जाहिरात, ॲनिमेशन, कापडाचं डिझाइन, शाळेतल्या जागा. जगदेवराव सगळं ऐकून घेत होते आणि मान अशी हलवत होते की मला कळत होतं, हे काही आत जात नाही.

"मॅडम, तुमचं खोटं नाही," ते शेवटी म्हणाले. "पण नर्सिंगचं मला समजतं. आजारी माणूस येतो, ही सुई देते, तो बरा होतो. चित्रानं काय होतं, ते मला समजत नाही. कामून खोटं बोलू?"

मला राग आला नाही. इतका सरळ प्रश्न मला कॉलेजच्या सभेतही कोणी विचारला नव्हता.

आबा म्हणाले, "भाऊ, अर्धा घंटा बसता का?"

"बसलोच आहे की."

"हे बसणं नाही. हे टेकणं हाय. बसणं मी शिकवतो तुमाले."

त्यांनी जगदेवरावांची खुर्ची उचलून निंबाच्या कडेला ठेवली, उजेड डावीकडून येईल अशी. वैशालीला म्हणाले, "आन वं बाई तुही वही." ती आत गेली आणि इतक्या लवकर परत आली की वही दाराआडच असावी.

जगदेवरावांना बसता येईना. पहिल्या दोन मिनिटांत त्यांनी मिशी खाजवली, फोन पाहिला आणि म्हशीला हाक मारली. आबा शेजारी उभे राहून धडे देत होते. "डोळ्याले एक जागा द्या. थ्या भिंतीवरचा खिळा पाहा. खांदे सोडा. तुमी काय पोतं उचलून नाही राह्यले. श्वास घ्या भाऊ, श्वास घेतला तं चालते."

वैशालीची आई दारातून म्हणाली, "लग्नात बी इतके गप बसले नव्हते."

"तिकडं पाहू नका. खिळा," आबा म्हणाले.

मग हळूहळू जगदेवराव खरंच थांबले. खांदे उतरले. तोंडावरचा यजमानपणा गेला, आमच्याशी बोलताना चढवलेली ऐट गेली आणि उरला तो एक दमलेला, बरा माणूस. वैशालीची पेन्सिल चालत होती. कोंबड्या आमच्या पायांतून फिरत होत्या. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला.

तिने वही वडिलांच्या हातात दिली. त्यांनी ती जवळ धरली, लांब धरली.

"हे डोळ्याखाली काळं कशाचं?"

"काळं नाही बाबा. जागरण आहे. रात्री विजेची लाइन असली की पिकाला पाणी द्यायला जाता ना."

"तुला कधी दिसलं?"

"रोजच दिसतं," वैशाली म्हणाली.

 जगदेवरावांनी बायकोला हाक मारून चित्र दाखवलं. तिने पाहिलं आणि पदर तोंडाशी नेऊन आत चहा ठेवायला गेली. मी काही बोलणार होते, पण आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मीही खिळ्याकडे बघायला लागले.

चहा पिऊन झाल्यावर जगदेवराव म्हणाले, "सोमवारी सकाळची गाडी किती वाजता आहे?"

वैशाली सोमवारी आली. वर्गात इतरांनी काढलेली खुर्ची पाहून हसली.

वर्षाच्या शेवटी मुलांनी आबांचा सत्कार करायचं ठरवलं. शाल आणली, नारळ आणला, आणि नेमके त्या दिवशी आबा आले नाहीत. फोन केला तर पाय मुरगळलेला. "रस्त्यात उजेड लय चांगला पडला होता म्हणून थांबलो," ते म्हणाले. "मागून बकरा आला. त्याले कोणं सांगावं." तेव्हा मुलं म्हणाली, आपणच जाऊ. शाल-नारळ घेऊन आम्ही आठजण त्यांच्या गावी गेलो.

इतक्या वर्षांत मी त्यांचं घर पाहिलं नव्हतं. त्यांची बायको आमची ओळख होण्याआधीच वारली होती आणि मुलगा सुरतेला कापड गिरणीत, एवढंच ऐकून होते. दोन खोल्या, स्वच्छ सारवलेल्या. एक खाट, एक ताट, एक तांब्या. आणि चारही भिंतींवर, वरपासून खालपर्यंत, कागद. आमच्या मुलांनी दर वर्षी त्यांना दिलेली चित्रं. फक्त सगळी उलटी लावलेली. चित्राची बाजू भिंतीकडे, कोरी पाठ आपल्याकडे.

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. वैशाली म्हणाली, "आबा, कागद उलटे लागलेत."

"नाही वं. हेच बाजू सरळ हाय," आबा खाटेवरून म्हणाले. "तिकून तं मीच हावो. मले पाहून मी काय करू?"

मी जवळ गेले. आमच्याकडे पद्धत आहे, कागदाच्या मागे मुलांनी नाव, वर्ग आणि हजेरी क्रमांक लिहायचा. प्रत्येक पाठीवर ते होतं, मुलांच्या अक्षरात. त्याखाली आबांनी बॉलपेनने आपल्या मोठ्या, वाकड्या अक्षरात भर घातली होती. शाळेत लागला. लग्न झालं, जालना. बाप वारला, भेटून आलो. मुलगी झाली. एकाखाली लिहिलं होतं, फोन बंद लागते. त्यापुढे वेगवेगळ्या शाईत तेच तीनदा.

"एवढं सगळं लक्षात कसं ठेवता?" एकाने विचारलं.

"ठेवाव लागत नाही. सांजच्याले दिवा लावला की मी हजेरी घेतो," आबा म्हणाले. "एका भिंतीपासून सुरू करतो. घरात दुसरं कोणी बोलाले नाही. तेवढाच आवाज होते."

मुलं हसली, आणि मग कागदांवरची नावं वाचायला लागली. कोणीतरी म्हटलं, घ्या ना आबा, आत्ता घ्या.

आबांनी आढेवेढे घेतले नाहीत. खाटेवर मांडी घातली, दुखरा पाय उशीवर ठेवला आणि दाराजवळच्या भिंतीपासून सुरुवात केली. पहिली नावं जुनी होती, मलाही त्यांतले काही चेहरे आठवायला वेळ लागला. प्रत्येक नावानंतर ते थोडं थांबत, जसं वर्गात हजेरी घेताना थांबतात तसं, आणि पुढे जात. तिसऱ्या भिंतीवर, खिडकीच्या खाली, त्यांनी वैशालीचं नाव घेतलं.

"हजर," वैशाली म्हणाली.

आबांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं.  मग पुढचं नाव घेतलं. त्या नावाला कोणी बोललं नाही. ते नेहमीइतकंच थांबले आणि त्याच्या पुढचं नाव घेतलं.