जगदाळेकाकांचं विमान

बदलापुरात, हेंद्रेपाड्यातल्या आमच्या सोसायटीत कोणी बॅग घेऊन जिना उतरताना दिसलं, की तळमजल्यावरचे जगदाळेकाका दार उघडून विचारतात, "विमानानं जाताय न्हवं?" समोरचा कर्जतला निघालेला असला तरी. कर्जतला विमान जात नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. पण विचारायला काय जातं, असं त्यांचं म्हणणं.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यातून फिटर म्हणून रिटायर झाले. गाव देशावरचं. गावच्या माळावर छोटा विमानतळ झालाय आणि त्याच्या धावपट्टीखाली काकांच्या घरची जमीन गेली आहे. माझी सासुरवाडी त्याच गावची. त्यामुळे वयानं पंचवीस वर्षांनी लहान असूनही मी त्यांचा 'जावईबापू'. गावाचा जावई म्हणजे हक्काचा माणूस, म्हणून विमानतळाची सगळी दुःखं मलाच ऐकावी लागतात.

विमान आठवड्यातून तीनदा येतं. रिकाम्या सीटांचे पैसे सुरुवातीची काही वर्षं सरकार कंपनीला देतं, ती मुदत आता संपत आलीये. एका विमानासाठी दिवे, बंब, पोलीस, एसी सगळं चालू ठेवायचं, इंधन महाग, आणि उतरणारी माणसं दोन टमटममध्ये मावतील एवढी. गर्दी वाढली नाही तर विमान बंद, असं कंपनीनं कळवून टाकलंय. "पण वाव लई हाय, जावईबापू," काका म्हणतात. द्राक्षं विमानानं जातील, एमआयडीसी येईल, हॉटेलं निघतील. माझ्या चहावर साय धरते, तरी त्यांचा वाव संपत नाही.

विमानाच्या दिवशी ते विमानतळाबाहेरच्या चहावाल्याला न चुकता फोन करतात. "किती उतरली?" एवढंच विचारतात. आकडा चांगला असला की त्या दिवशी सोसायटीच्या वॉचमनला वडापाव मिळतो.

स्टेशनबाहेरच्या शेअर रिक्षावाल्यांनाही ते विमानाचं अर्थशास्त्र समजावतात. "तुझी रिक्षा भरल्याबिगर सुटत न्हाई. विमान रिकामं बी सुटतं. तितंच मार खातो आपण." त्यावर एक पोरगेला रिक्षावाला म्हणाला, "तो काका, मीटर पे चलाओ ना!" काकांनी या सूचनेवर दोन दिवस गंभीरपणे विचार केला.

एकदा उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, मी पडद्याचं कापड घ्यायला गेलो तर काका बरोबर आले. कापड राहिलं बाजूला, त्यांनी दुकानाच्या सिंधी शेठलाच विमानानं गावाकडं हुरडा खायला यायचं आमंत्रण दिलं. "साईं, सीझन है, दुकान कौन देखेगा?" शेठ म्हणाला. "मग सगळं मार्केटच घेऊन चला की!" शेठनं घाईघाईनं सूट देऊन आम्हाला वाटेला लावलं.

स्वतः काका मात्र त्या विमानात कधी बसले नव्हते. एकदा मी छेडलं, तेव्हा कळलं. जमीन द्यायला त्यांचे थोरले भाऊ अण्णा तयार नव्हते. काकांनी वडिलांना पटवून सही घेतली. अण्णा एवढंच म्हणाले, "विमान येईल रं. चढायला माणसं कुटनं आणशील?" तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. "विमान फुल्ल झालं की जाईन," काका म्हणाले. "तवर कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी फार चेष्टा केली होती त्यांची. जरा लाज वाटली, आणि गेल्या महिन्यात आम्ही दोघं नवराबायको विमानानं सासुरवाडीला निघालो. बदलापूरहून मुंबईच्या विमानतळापर्यंत साडेतीन तास, विमानात पाऊण तास. टॅक्सीत बायकोनं मला दोनदा रेल्वेचं टाइमटेबल काढून दाखवलं. विमानात आम्ही धरून अकरा जण होतो.

बाहेर आल्यावर चहा घ्यायला थांबलो. टपरीच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ काठीवर हनुवटी टेकून फाटकातून बाहेर पडणारी माणसं बोटांवर मोजत होते. बायको कानात म्हणाली, "जगदाळ्यांचे अण्णा." तेवढ्यात चहावाल्याचा फोन वाजला. त्यानं म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"सतरा सांग," अण्णा म्हणाले.

"अकराच हायेत की, अण्णा."

"सतरा सांग म्हटलं ना!"

चहावाल्यानं सतरा सांगितले. फोनमधून आलेला काकांचा आनंद मला बाकापर्यंत ऐकू आला. अण्णा मान खाली घालून काठीनं माती उकरत बसले.

परतलो तर काका गेटवरच. "तुमच्या खेपेला सतरा व्हती!" मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या पोटात काही राहत नाही. सगळं सांगून मोकळा झालो.

काका पायरीवर बसले.

"अकराच व्हती?"

"अकरा."

"आन् अण्णा सतरा म्हणाला?"

"हो."

"जल्मात खोटं बोलला न्हाई ओ तो," एवढं म्हणाले आणि रडायला लागले. इतक्या वर्षांत हा माणूस असा कधी पाहिला नव्हता. मी शेजारी पायरीवर बसलो.

मग त्यांनी बाहीनं डोळे पुसले. "मंगळवारचं तिकीट मिळंल का?"

"पण काका, विमान काही फुल्ल नाहीये."

"नसू द्या."

मी मोबाईल काढला. सीटा हव्या तेवढ्या होत्या. "अण्णांना फोन करून कळवू?"

"नगं," काका म्हणाले. "मोजता मोजता दिसू द्या मी त्याला."