कवडशाचं वेळापत्रक

"आठ दिवस द्या! मांजरं आणि चिमण्या एकाच अंगणात सुखाने नांदवून दाखवते. नाही जमलं तर पदवी परत!"

अशी भीष्मप्रतिज्ञा धाकटीने नाश्त्याच्या टेबलावर केली. पदवी विज्ञानाची होती आणि नुकतीच मिळाली होती. नोकरी मात्र अजून मिळायची होती. घरात तिला सगळे 'प्रोफेसर' म्हणत.

प्रतिज्ञेला कारण घडलं होतं. त्या सकाळी भोपळा, म्हणजे घरातला केशरी, गोल बोका, तोंडात चिमणीच्या शेपटीची सगळी पिसं घेऊन ऐटीत घरात आला. मागून काळी मांजर काजळी साक्षीदारासारखी चालत होती. पिसांची मालकीण जिवंत होती. तारेवर बसून, बिनशेपटीची, साऱ्या खानदानाचा उद्धार करत होती.

आई शाळेत मुख्याध्यापिका. घरीही तिचा कारभार नियमाने चाले. "ही दुसरी ताकीद," ती म्हणाली. "आणखी एक पीस दिसलं, की दोघांची रवानगी आत्याच्या लाकडाच्या वखारीत!"

वखारीत उंदीर भरपूर, पण उन्हाचा कवडसा औषधालाही नाही. आणि भोपळा तर उन्हावरच चालणारं यंत्र आहे, असं प्रोफेसरचं ठाम मत होतं.

"बाबा, दाण्यांची ताटलीच दुसरीकडे ठेवली तर?"

बाबा रोज आठच्या ठोक्याला ताटली भरत. ते दुखावले. "एकदा हलवली होती. चार महिने एक चिमणी फिरकली नाही. तुझं ताट कुणी उचलून न्हाणीघरात ठेवलं, तर जेवशील तू?"

मग हलवायचं ते ऊनच!

प्रोफेसर कामाला लागली. सकाळी सात ते संध्याकाळी पाच, खडूने फरशीवर कवडशाच्या कडा आखायच्या आणि मांजरं कुठे आहेत ते वहीत टिपायचं. थंडी होती, म्हणून ती स्वतःही खुर्ची सरकवत सरकवत उन्हातच बसे. आठ दिवसांत एकशे बारा नोंदी झाल्या. एकशे नऊ वेळा मांजरं उन्हात! उरलेल्या तीन नोंदींवर तिने 'मोजमापातली चूक' असं लिहून काट मारली.

निष्कर्ष सूर्यप्रकाशाइतका स्वच्छ होता. मांजर उन्हामागे जातं. आठ ते नऊ ऊन ताटलीपाशी येतं, म्हणून मांजरं ताटलीपाशी येतात. तेव्हा ताटलीवरचं ऊन चादर टांगून अडवायचं आणि आईच्या कपाटाचा आरसा टाकीलगतच्या जिन्याच्या कठड्याला बांधून दुसरा कवडसा पाण्याच्या टाकीमागच्या कोपऱ्यात पाडायचा. आहे काय नि नाही काय!

रविवारी आठला परीक्षा. आई खुर्ची टाकून बसली. बाबांनी ताटली भरली आणि श्वास रोखला. प्रोफेसरने टाकीपाशी उभं राहून आरसा फिरवला. कोपऱ्यात ऊन पडलं. भोपळा आला, काजळी आली, दोघं तिच्या पायाशी आडवी झाली. ताटलीवर चिमण्या उतरल्या. दहा मिनिटं स्वर्ग!

"हं," आई म्हणाली. आईचं 'हं' म्हणजे पंच्याऐंशी टक्के!

आता चिमण्या मोजायला हव्यात, म्हणून प्रोफेसर वही घेऊन चवड्यांवर ताटलीकडे निघाली. मागे भोपळा उठला. त्याने आळस दिला. काजळी उठली. दोन शेपट्या झेंड्यासारख्या उभारून वरात तिच्या मागे! चिमण्या भुर्रकन उडाल्या.

"कवडसा सरकला वाटतं!" ती धावत टाकीपाशी गेली. मांजरंही धावली. आरसा नीट केला, मांजरं आडवी झाली. ती पुन्हा निघाली. मांजरंही निघाली!

"आरसा बारीक फिरव," बाबा कुजबुजले.

"फिरवतेच आहे!"

चार फेऱ्या झाल्या. पाचव्या वेळी घाईत आरसा जरा जास्तच फिरला आणि शेजारून किंकाळी आली. भिंतीवरून दातांच्या डॉक्टरांचं डोकं उगवलं. अर्ध्या गालाला फेस, हातात वस्तरा.

"माझ्या न्हाणीघरात वीज कोण पाडतंय? एक्स-रे काढायचा असेल तर माझा दवाखाना आहे ना!"

"काका, सॉरी, प्रयोग चाललाय..." असं म्हणत ती गर्रकन वळली, काजळीवर पाय पडू नये म्हणून उडी मारली, आणि सरळ चादरीत घुसली! चादर, दोरी, ताटली आणि प्रोफेसर एकाच ढिगात घसरत टाकीपर्यंत. केसांत दाणे, कानात दाणे. त्या ढिगावर, टाकीच्या गार सावलीत, भोपळा चढला. काजळी चढली. दोघांनी डोळे मिटले आणि घुरघुर सुरू केली.

आईने खाली पडलेली वही उचलून चाळली.

"या तीन नोंदी का खोडल्यास?"

"त्या चुकीच्या होत्या. तेव्हा मांजरं सावलीत होती. जिन्याच्या पायरीवर."

"आणि तू कुठे होतीस?"

"मी? मी मैत्रिणीशी फोनवर बोलत होते."

"कुठे बसून?"

प्रोफेसरने कानातला एक दाणा काढला. "पायरीवर."

डॉक्टरकाकांनी फेसासकट मान डोलावली. "रोगनिदान झालं," म्हणाले आणि खाली उतरले.

"आठ दिवस तू मांजरांचा नाही, स्वतःचा तक्ता काढलास बाळ," आई म्हणाली. पण तिसरी ताकीद काही तिने दिली नाही. आरसा कपाटाला परत गेला, चादर धुवायला गेली. फक्त एक उपकरण जागेवर राहिलं.

तेव्हापासून रोज आठ ते नऊ, टाकीमागच्या कोपऱ्यात, मांडीवर दोन मांजरं घेऊन ते उपकरण हलत नाही. पलीकडे चिमण्या निवांत जेवतात. बिनशेपटीच्या चिमणीला नवी शेपटी फुटते आहे. मुलगी सध्या काय करते, असं कुणी विचारलं की बाबा अभिमानाने सांगतात, "संशोधन!"

"खोटं कशाला बोलायचं?" आई आतून म्हणते. "मांजरं धरून बसते."